कठडा अर्धा मैल पुढे

विश्वास ठेवायचा तर ठेवा. सुमंतने हे एकदाच सांगितलं, तेही मान वर न करता.

जागा ओहायोमधलं डब्लिन. जानेवारी २००६, दुपारचे तीन.

सुमंत नागपूरचा, काम रस्त्यांच्या नकाशांचं. ओहायोत अपघाताची जागा मैलाने नोंदतात. रस्ता सुरू होतो तिथपासून इतके मैल, झालं. आदल्या वर्षी एका रस्त्याचा सुरुवातीचा भाग सरळ केला, तसा तो अर्ध्या मैलाने घटला. म्हणजे पुढच्या सगळ्या जुन्या अपघातांचे आकडेही अर्ध्या मैलाने कमी करायला हवे होते.

सुमंतने मॅनेजर विनयला तसं सांगितलं.

"यार, फ्रायडेला डिलिव्हर करायचंय. नंतर फिक्स करू. आणि तुझे व्हिसाचे पेपर्स माझ्याच टेबलवर आहेत ना?"

सुमंतने जुनेच आकडे पाठवून दिले.

नाल्याकाठच्या वळणावरचे नऊ अपघात नकाशात अर्धा मैल पुढे दिसू लागले, मक्याच्या शेताशेजारी, सरळसोट रस्त्यावर. नकाशा बघून लोखंडी कठडाही तिथेच बसला.

वळण उघडंच राहिलं.

डिसेंबरात त्याच वळणावरून शुभाकाकूंची निळी गाडी नाल्यात गेली, त्या वाचल्या नाहीत. दर रविवारी सुमंतला डबा देणाऱ्या, "नीट जेवत जा रे" म्हणणाऱ्या शुभाकाकू. कठड्यापर्यंत त्या पोहोचल्याच नाहीत.

त्याच आठवड्यात सुमंतचा व्हिसा वाढला. घ्या!

आणि जानेवारीत, त्या दुपारी... नकाशावर एक नवा ठिपका.

कठड्याच्या जागी. तारीख आजची.

पोलिसांचा रिपोर्ट नाही. कुणाची एंट्री नाही. सुमंतने तो पुसला आणि कॉफी घेऊन आला.

ठिपका परत तिथेच.

तो गाडी काढून निघाला. शेतापाशी उतरला. बर्फ कोरा, टायरची एकही खूण नाही...

पण कठडा वाकला होता. गाडी आदळून थांबावी तसा.

वाकल्या जागी निळा रंग.

मग आवाज. टिक... टिक... टिक... इंडिकेटरचा. सुमंतची गाडी तर बंद होती.

आणि अगदी कानाशी, नेहमीच्या मायेने...

"इथे आहे की रे कठडा, सुमंत."

तो ऑफिसला कसा पोहोचला, त्याला आठवत नाही. विनयला न विचारता त्याने सगळे आकडे दुरुस्त केले. वेळ लागला वीस मिनिटं.

फक्त वीस मिनिटं हो!

नऊ ठिपके सरकून वळणावर गेले. उन्हाळ्यात तिथे कठडाही झाला. विनय डायरेक्टर झाला, त्याला काय धाड भरलीय?

सुमंतने ती नोकरी सोडली. आता वेस्ट विंडसरला असतो. अजून रविवारी त्याला जेवण जात नाही.

कारण दहावा ठिपका काही केल्या सरकला नाही...

तो शेताजवळच्या कठड्यापाशीच थांबलाय.