पोकळ भिंतीवरचं ओझं

आजोबांच्या पांघरुणावर पांढरी भुकटी कुठून पडली, हे शाल्मलीला कळेना. मंगळावरच्या गेरूवाडीत धूळ असते ती तांबडी. तिनं मान वर करून पाहिलं.

खाटेच्या वर, भिंतीवर, हवा शुद्ध करणारं यंत्र टांगलेलं होतं, धान्याच्या पिंपाएवढं. त्याची वरची कड भिंतीपासून बोटभर सुटली होती.

थोड्या वेळापूर्वी मंगळकंप झाला होता. अशा वेळी घरांची दारं आपोआप बंद होतात आणि बाहेरच्या बोगद्यातून हवा गळत नाही याची खात्री झाल्याशिवाय उघडत नाहीत. आईबाबा बोगद्यापलीकडे अडकले होते. आजोबांचा मोडलेला पाय प्लास्टरमध्ये, जमिनीत पक्क्या बसवलेल्या खाटेला कुलूप लावून जखडलेला, आणि त्या कुलपाची किल्ली डॉक्टरांकडे. यंत्र उतरवणं शाल्मलीच्या ताकदीबाहेरचं होतं. शिवाय बंद घरात श्वासाची भिस्त त्याच्यावरच होती.

तिनं घाईघाईनं आजोबांच्या तोंडावर उशी ठेवली.

"काढ ती," उशीखालून आवाज आला. "आंधळ्या मास्तरानं शिकवायचं कसं?"

आवाज रोजचाच होता, पण चादर धरलेली त्यांची बोटं पांढरी पडली होती. पदार्थांची बळकटी तपासण्यात जन्म घालवलेला माणूस. पुढचा धक्का आला तर काय होईल हे त्यांना तिच्याहून चांगलं ठाऊक होतं.

"पण बाबा म्हणाले होते, इथे वस्तूंचं वजन पृथ्वीवरच्या निम्म्याहून कमी, छोटे स्क्रू पुरतील."

"तुझ्या बाबानं वजन धरलं आणि वस्तुमान विसरला."

वस्तुमान (वस्तूत किती द्रव्य भरलंय त्याचं माप) कुठेही गेलं तरी तेवढंच राहतं, त्यांनी समजावलं. शांत टांगलेलं यंत्र मंगळावर हलकं. पण भिंत हादरली की त्याला हलवायला आणि थांबवायला पृथ्वीइतकाच जोर लागतो. तो सोसायचा स्क्रूंनी. आणि स्क्रूंनी धरलंय काय? दोन जाड कागदांमध्ये दाबलेलं जिप्सम (खडूसारखं मऊ खनिज). प्रत्येक हिसक्याला स्क्रूचे आटे त्याची भुकटी करतात आणि भोक मोठं होतं.

"मग भिंत उभी कशी राहते?" शाल्मलीनं विचारलं.

आजोबा पहिल्यांदा हसले. "आता कामाचं विचारलंस. ठोकून बघ."

तिनं ठोकलं. ढब, ढब. सगळं पोकळ. मग एके ठिकाणी आवाज बसका आला. आजोबांच्या सांगण्यावरून तिनं कपाटाच्या दारातला चुंबक काढून तिथे लावला. तो चिकटून राहिला. आत पोलादाचा उभा खांब होता. यंत्राच्या दुसऱ्या बाजूलाही एक सापडला.

मांडणीचा लोखंडी अँगल तिनं यंत्राच्या बुडाला टेकवून दोन्ही खांबांत आडवा पक्का केला. एक स्क्रू वाकडा गेला, तो काढून पुन्हा बसवावा लागला. पण पोलादात आटे रुतले, तेव्हा हाताला कळलं. इथे भुकटी उडत नव्हती.

"झालं?" तिनं विचारलं.

"अर्धं. अँगल खाली पडू देणार नाही. पण यंत्र भिंतीपासून पुढे आलेलं आहे, त्यामुळे ते वरून बाहेरही ओणवतं. तो ओढा वेगळा."

म्हणून तिनं सामान बांधायचा रुंद पट्टा यंत्राच्या वरच्या भागावरून ओढून घेतला. त्याचं एक टोक एका खांबात स्क्रूनं पक्कं केलं. दुसरं टोक बसवताना जमीन गुरगुरली.

"शाल्मली, बाजूला हो."

ती झाली नाही. डोळे मिटून तिनं शेवटचा स्क्रू आत रेटला आणि खाली बसली. भिंत हादरली. वरचे छोटे स्क्रू सुटून टपटप खाटेवर पडले. यंत्र पुढे झुकलं, पट्टा करकरला, ताणला आणि थांबला. मग यंत्राची घरघर पुन्हा ऐकू आली.



दार उघडल्यावर बाबा आत आले, भिंतीकडे पाहून खाटेच्या कडेवरच बसले. गेरूवाडीतल्या सगळ्या घरांसाठी त्यांनी हाच हिशेब दिला होता. आजोबांनी त्यांना स्वतःवर फार रागावू दिलं नाही. "उठ," एवढंच म्हणाले, "शेजारच्या घरात पाळणा आहे यंत्राखाली."

आता तिथे नवं घर बांधलं की भिंतीवर निळ्या उभ्या रेघा आखतात. पृथ्वीवरून नुकतीच आलेली मुलं विचारतात, ही नक्षी कसली. शाल्मली त्यांना आधी रेघेवर आणि मग शेजारी ठोकून बघायला लावते.