रिकाम्या खोलीचा आवाज

विश्वास ठेवा किंवा सोडून द्या. हे माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत खरंच घडलंय. तेही भर दुपारी, तिच्या कॉलेजच्या तळमजल्यावर.

घरीदारी तिला सगळे ‘रेडिओ’ म्हणायचे. तोंड बंदच व्हायचं नाही म्हणून.

पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होती. त्या वर्गातल्या पोरांना संशोधनात कोण घेतंय? पण सरांच्या हात धुऊन मागे लागली आणि ध्वनीच्या प्रयोगशाळेत जागा मिळवली. तिला हेच करायचं होतं. आयुष्यभर.

काम माणसांचे आवाज रेकॉर्ड करण्याचं. पण त्याआधी...

खोली रिकामी करायची. बाहेर येऊन जाड दार लावायचं. रिकाम्या खोलीचा आवाज रेकॉर्ड करायचा. मग संगणक तो आवाज पुढच्या सगळ्यातून वजा करतो. पंख्याची घरघर जाते, तारांची गुणगुण जाते.

उरतो फक्त माणूस.

त्या दुपारी तिने कंटाळा केला. ते जड दार कोण ढकलत बसणार? आतच थांबली.

श्वास रोखून.

नंतर हेडफोन लावला, तर...

कुणीतरी श्वास घेत होतं.

संथ. माईकच्या अगदी जवळ.

तिने सरांना हाक मारली.

“सर, यात कुणीतरी आहे.”

“तू आत होतीस का?”

खरं बोललं की जागा गेली.

“नाही सर.”

“मग खोलीचाच असेल. कर वजा. मशीन काही खात नाही तुला.”

तिने वजा केला.

संध्याकाळी तिने घरी फोन लावला.

“हॅलो? अगं, बोल की!” मावशी म्हणाली.

“आई, मी बोलतेय!”

“हॅलो?... मेली रेंज.” मावशीने फोन ठेवला.

होस्टेलवरची मैत्रीण हसली, “आज रेडिओ बंद कसा काय?”

रेडिओ तेव्हा जिवाच्या आकांताने ओरडत होती.

दुसऱ्या दिवशी ती प्रयोगशाळेत धावली. या वेळी नीट बाहेर आली, दार लावलं, रिकामी खोली पुन्हा रेकॉर्ड केली. हेडफोन लावला...

“आई, मी बोलतेय!”

तिचाच आवाज. आतून.

तिने सरांचा हात धरून त्यांना ओढत आणलं, हेडफोन त्यांच्या कानांवर चढवला. सरांनी डोळे मिटून ऐकलं.

“शाब्बास. खोलीशिवाय काही नाही.”

“               ”

आणि त्यांनी स्वतःच वजा करायचं बटण दाबलं.

हे सगळं तिने मला मोबाइलवर टाइप करून सांगितलं. डॉक्टर म्हणतात, घशात दोष नाही. आता तिच्या पावलांचाही आवाज येत नाही. मावशी घरातले पंखे बंद करून कान देऊन बसते.

मी सरांना भेटून आलो. बिचारे वैतागलेत. म्हणाले, त्या रिकाम्या खोलीचा आवाज हल्ली फार वाढलाय. कुणी रडल्यासारखा.

ते वजा करतात.

रोज.