उशिरा ऐकणारं विमान

हात तोच, डोळे तेच, धावपट्टीही तीच. मग दोन आसनांचं चिमुकलं विमान फुलासारखं टेकवणारी चार्वी मोठं प्रवासी विमान दर वेळी का आपटत होती?

हे सगळं अर्थात सिम्युलेटरमध्ये (खऱ्या उड्डाणाचा हुबेहूब अनुभव देणाऱ्या यंत्रात) चाललं होतं. आकाश खोटं, पण चार्वीचं रडू खरं. मोठ्या विमानांच्या वर्गात एकच जागा उरली होती आणि आता चाचणीची शेवटची खेप. वायू, म्हणजे तिथला शिक्षक यंत्रमानव, तिला तोंडावर म्हणाला होता, की तू विमान चालवत नाहीस, त्याच्याशी भांडतेस.

ती आजोबांशेजारी बाकावर येऊन बसली. आजोबांची हयात गेली विमानांची इंजिनं घडवण्यात आणि कीर्तनात टाळ धरून उभं राहण्यात. मला नाही जमायचं, घरी चला, ती म्हणाली. आजोबांनी समजूत घातली नाही. नेमकं काय होतं, एवढंच विचारलं.

विमान खचू लागलं की ती थ्रॉटल (इंजिनाचा जोर वाढवणारा दांडा) पुढे ढकले. काहीच होत नसे. म्हणून आणखी ढकले. मग सगळा जोर एकदम येई आणि विमान उधळे.

"अगं, बुवा एकटे गुणगुणत असले तर म्हणतील तिथे थांबतील," आजोबा म्हणाले. "पण मागे चाळीस टाळकरी रंगलेले असले की? बुवांना हात आधीच वर करावा लागतो."

मग त्यांनी उलगडून सांगितलं. लहान विमान हलकं, त्याचा पंखा लगेच जोर धरतो. मोठ्याचं जडत्व (आहे तीच गती न सोडण्याचा वस्तूचा हट्ट) दांडगं. त्यात जेट इंजिनाची जड चाकं वेग घ्यायला काही सेकंद खातात. आत्ता मागितलेलं बळ मागाहून मिळतं. म्हणून विमान कुठे आहे यापेक्षा पुढे कुठे असेल ते पाहायचं, मागायचं आणि धीर धरायचा.

"म्हणजे ते ऐकतं, पण उशिरा."

"देवासारखंच," आजोबा म्हणाले. "हाक मारल्याबरोबर उत्तर मागणारा दमतो."

शेवटच्या खेपेला तिने थ्रॉटल जरासाच ढकलला आणि हात आवरला. विमान शहाण्यासारखं उतरू लागलं. पण धावपट्टी जवळ येताच वायूने वाऱ्याचा झोत सोडला आणि विमान खचलं. चार्वीने पुढचं पाहिलं. आत्ता सगळं बळ मागितलं तर ते जमिनीआधी पोचेल, क्षणभर थांबलं तर नाही. पण वर गेलं की खेपेच्या ठरलेल्या वेळात पुन्हा उतरता येणार नव्हतं. म्हणजे जागा गेलीच.

तिने थ्रॉटल पुढे लोटला आणि वाट पाहिली. इंजिनं गरजली, विमान वर चढलं आणि वेळ संपली.

"उतरण्याचे गुण शून्य," वायू म्हणाला. जागा दुसऱ्या मुलीला मिळाली. चार्वी आजोबांच्या कुशीत ओक्साबोक्शी रडली.

वायू मात्र तिथेच उभा राहिला. "प्रवासी सगळे सुखरूप आहेत," तो म्हणाला. "गुणपत्रकात त्याला रकाना नाही, म्हणून तोंडी सांगतो."

चार्वीने नाक पुसलं. मग तिने विचारलं, "तो झोत येणार हे आधी कशावरून कळतं?"