पालथ्या पानाची पंगत

जिज्ञासू बालवाचकहो, वनस्पती पानांनी कशा जेवतात, याचे निरूपण प्रस्तुत कथेत करण्याचे मी योजिले आहे. कथा दुःखद आहे. तथापि ज्ञान दुःखातूनही प्राप्त होते, म्हणून ती शेवटपर्यंत वाचावी, ही नम्र विनंती.

येणाऱ्या काळातील ही गोष्ट. समुद्र चढून कोकणातील एका गावाचे बेट झाले होते. खाऱ्या मातीत भाजी होईना. मुलांचे चेहरे पांढुरके पडू लागले. तेव्हा देशावरील छावणीतून निरोप आला की, अमावास्येच्या बोटीपर्यंत हिरवी भाजी पिकली नाही, तर मुलांना तिकडे नेण्यात येईल. मोठ्यांना बोटीत जागा नव्हती आणि सुरंगीला तर आबांवाचून, म्हणजे आजोबांवाचून, कोणीच नव्हते.

आबा वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्यांनी उरलेसुरले बी काढून माठ पेरला. मासळीची घाण व गूळ कुजवून, गाळून, सेंद्रिय खत सिद्ध केले. त्यांची कंबर वाकत नसे. म्हणून बुडालेल्या मंगल कार्यालयातील एक यंत्रमानव त्यांनी दुरुस्त केला. तो पूर्वी पंगतीत वाढत असे. त्याचे नावच वाढपी. तापाने अंथरूण धरताना आबांनी त्यास एवढेच सांगितले, "खत मातीत नको. पानावर वाढ."

ताप उतरल्यावर सुरंगीचा हात धरून आबा मळ्यात आले, तो सारा माठ करपलेला. केवळ पाण्याच्या टाकीखाली उलथून पडलेले एक रोप हिरवेगार होते. बोट दुसऱ्याच दिवशी यायची होती.

सुरंगीने विचारले, "आबा, पडलेलंच कसं जगलं?"

आबांनी वाढप्याकडे चौकशी केली. त्याने भर दुपारी, प्रत्येक पानाच्या उताण्या अंगावर, दाट खत वाढले होते व प्रत्येक रोपाला नम्रपणे "सावकाश होऊ द्या" असेही म्हटले होते.

"माझे चुकले काय?" वाढप्याने विचारले. "पंगत दुपारीच बसते. पान उताणेच मांडतात. आमटीत पाणी घातले, तर यजमानाची नाचक्की होते."

आबांना हसू आले आणि लगेच डोळे भरून आले. खाली बसून त्यांनी नातीला समजावले. खाऱ्या मातीत मुळांना अन्न ओढता येत नाही, म्हणून पर्णपोषण (पानांवाटे अन्न देणे) करावे लागते. पानाला पर्णरंध्रे (अतिसूक्ष्म तोंडे) असतात. ती पुष्कळ झाडांत पालथ्या अंगाला अधिक असतात. वरच्या अंगावर मेणाचा थर असतो, त्यातून फारच थोडे झिरपते. कडक उन्हात पाणी उडू नये म्हणून ही तोंडे मिटतात. शिवाय दाट खत पानातलेच पाणी ओढून घेते, त्यामुळे पान जळते.

सुरंगी टाकीकडे पाहत राहिली. "म्हणजे हे सावलीत होतं. पालथं होतं. आणि टाकीच्या ठिबकण्यानं खत पातळ झालं."

"होय गं बाय," आबा म्हणाले. "कळलं खरं, पण उशिरा."

पहाटे सुरंगीने खतात भरपूर पाणी घातले, वाढप्याचा लोखंडी हात धरून पान अलगद उलटायला शिकविले, आणि मग ती बोटीत चढली. एका रोपाने बोट रिकामी परत जाणार नव्हती. आबा धक्क्यावर उभे होते.

"माठाच्या एका तुऱ्यात मळाभर बी असतं," ते म्हणाले. "तुरा आला की निरोप धाडीन."

बोट हलली. मागे वळून पाहता सुरंगीला दिसले, वाढपी त्या एकट्या रोपापुढे वाकला होता. पान पालथे करून त्याने दवासारखा बारीक फवारा सोडला. वाऱ्यावरून त्याचा आवाज आला, "सावकाश होऊ द्या."

ती रडत होती, तरी तिनेही ते शब्द हळूच उच्चारले.

बालवाचकहो, आपल्या कुंडीतील एखादे पान आज उलटून पाहावे. आपण वेळ खर्चून हे वाचलेत, याबद्दल मी ऋणी आहे.

आपला नम्र,
भिकाजी बाबल मयेकर