शटरच्या आतला ठेका

ही गोष्ट मी रचलेली नाही, हे आधीच सांगतो. ज्यांच्या बाबतीत घडली ते श्यामकांतमामा माझे सख्खे मामा. बत्तीस वर्षं कचेरीत नोकरी, रोज तिन्हीसांजेला देवापुढे दिवा, आणि भुताखेताचा विषय निघाला की "पोट साफ आहे ना रे तुझं?" असं विचारणारा माणूस.

तो माणूस आता बंद शटरजवळून जायचं टाळतो.

गेल्या वर्षीचा दत्तजयंतीचा सप्ताह. पाचवा दिवस. जागा मुलुंड पूर्वेची, मामांच्या सोसायटीतलं छोटं दत्ताचं देऊळ आणि पुढचा पत्र्याचा मंडप. वेळ संध्याकाळी साडेसहाची. नीट रात्रसुद्धा झाली नव्हती.

त्या दिवशी गंधालीचं पहिलं कीर्तन होतं.

गंधाली मामांची एकुलती एक लेक. नोकरी अंधेरीला, आणि चार वर्षं दर रविवारी बुवांकडे शिकायला. मामा तिला सोडायला जायचे आणि जिन्यात बसून ऐकायचे. त्यांना एकच ध्यास होता. पोरीचं पहिलं कीर्तन नमनापासून आरतीपर्यंत अखंड व्हावं. कीर्तनाचा रंग एकदा तुटला की तुटला. गाणं पुन्हा धरता येतं, पण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत आलेलं पाणी पुन्हा आणता येत नाही, असं ते म्हणायचे. ज्यानं कीर्तन मनापासून ऐकलंय त्याला हे पटेल.

आणि नेमकी त्याच दुपारी रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली.

"उद्या सकाळशिवाय लाइट नाही, काका," वॉचमन सीताराम सांगत आला. "वाट लागली."

"काही वाटबिट लागत नाही. जनरेटर काढ."

सोसायटीचा जनरेटर म्हणजे पेट्रोलवर चालणारं छोटं लाल धूड. दोरी ओढून चालू करायचं. दोन वर्षं कुणी हात लावला नव्हता. आधी ते सगळं अनंता बघायचा. अनंता तळमजल्यावर एकटा राहायचा, साकीनाक्याच्या गाळ्यात छोटी इंजिनं दुरुस्त करायचा. सप्ताहाचे सातही दिवस तो मंडपाबाहेर, जनरेटरशेजारी बसून कीर्तन ऐकायचा आणि हातातल्या पान्यानं जनरेटरच्या लोखंडी चौकटीवर ठेका धरायचा.

टण... टण टण.

तबलजी चुकेल, अनंता चुकायचा नाही. गजराच्या वेळी सगळ्यांना बुक्का लागायचा. अनंता आपल्या बुक्क्यातला एक ठिपका मशीनलाही लावायचा.

त्याच्या दोन वर्षं आधी तो साकीनाक्याच्या गाळ्यातच गेला. आत इंजिन चालू आणि शटर बंद. इंजिनाच्या धुरात एक विषारी वायू असतो, त्याला ना रंग ना वास. माणसाला फक्त झोप येते. शटर बाहेरून कुणी ओढलं ते तेव्हा कुणालाच कळलं नाही.

जनरेटरच्या दांड्याला त्याच्या अक्षरातला पुठ्ठा अजून लटकत होता.

'तेल बघून चालू करणे. गरम असताना पेट्रोल भरू नये. उघड्यावरच चालवणे.'

शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा होत्या.

मामांनी तेल बघितलं. जुनं पेट्रोल काढून नवं भरलं. पेट्रोलचा कॉक उघडला, चोक ओढला, दोरीला हात घातला.

एकदा. दोनदा. दहादा.

"अरे, चालू हो की! तुला काय आता ओवाळू?"

अकराव्याला फटफटलं. मंडपात दिवे लागले, माइक बोलू लागला. गंधाली हातात चिपळ्या घेऊन उभी राहिली. मामांनी घाम पुसला आणि हात जोडले.

पाच मिनिटं झाली नाहीत, तोवर क्षमामामी तरातरा बाहेर आल्या.

"अहो, तुमच्या ह्या डबड्यापुढे पोरीचं एक अक्षर कळत नाहीये! मागच्या बायका उठायला लागल्या. करा काहीतरी!"

मीटरच्या खोलीशेजारी एक अडगळीची खोली होती. वर विटेएवढा झरोका. समोर जुनं शटर, खाली आलं की फक्त बाहेरून उचलता येणारं. मामा आणि सीताराम दोघांनी मशीन ढकलत आत नेलं. मामांनी शटर पूर्ण खाली ओढलं.

आवाज निम्म्याहून कमी झाला. मामा खूश होऊन मंडपात जाऊन बसले. गंधालीनं पूर्वरंगाचा विषय घेतला होता हाकेचा. माणूस हाक मारतो, तेव्हा ती ऐकू कुणाला येते? गळा काय लागला होता पोरीचा! बुवांनी मान डोलावली...

आणि दिवे गेले.

मामा धावले. शटर उचललं. मशीन गप्प. टाकी तर भरलेली होती.

पेट्रोलचा कॉक बंद होता.

"सीताराम! तू फिरवलास?"

"मी कशाला फिरवू? मी तर गेटवर होतो. विचारा कुणालाही."

पुन्हा दोरी. सातव्या झटक्याला चालू. शटर खाली. मामा जाऊन बसतात न बसतात...

पुन्हा अंधार.

पुन्हा कॉक बंद.

आता मामांचं डोकंच फिरलं. दोरीनं बोटाची सालटं निघाली होती. मंडपातून कुणीतरी ओरडलं, "काका, उरलेलं कीर्तन पुढच्या वर्षी का?" वर हशा. गंधाली समईच्या उजेडात तशीच उभी होती, हसण्याचा प्रयत्न करत. तो चेहरा मामांना बघवेना.

खोलीत पेट्रोलचा वास होता. त्यात अजून एक वास होता... मामांनी तेव्हा मनावर घेतला नाही.

बुक्क्याचा.

गजर अजून व्हायचा होता. बुक्का अजून डबीतून निघालाही नव्हता.

मामांनी एक तारेचा तुकडा घेतला आणि उघडा कॉक करकचून बांधून टाकला. मग अडगळीतलं स्टूल ओढलं.

"सीताराम, तू आत बस. कॉकवर नजर ठेव. कोण चावटपणा करतंय बघूच."

"आत? शटर लावून?"

"फट ठेवली की आवाज येतो. अर्ध्या तासाचा प्रश्न आहे रे. झरोका आहे ना वर?"

"बरं," सीताराम म्हणाला. "पण काका, मला विसरू नका हां. आतून उघडत नाही हे."

"वेडा का खुळा? विसरतोय कशाला?"

नवव्या झटक्याला चालू. शटर खाली.

ह्या वेळी दिवे गेले नाहीत.

दोन मिनिटं. पाच मिनिटं. दहा मिनिटं. मामांचा जीव भांड्यात पडला. पूर्वरंग संपला, बुवांनी स्वतः उठून शिष्येच्या गळ्यात हार घातला आणि गजर सुरू झाला. सगळा मंडप टाळ्या वाजवू लागला. शेजारच्या इमारतीतली माणसं खिडक्यांत आली. मामांच्या डोळ्यांना धार लागली होती.

आणि तेव्हा ते ऐकू आलं...

टण... टण टण.

शटरच्या आतून.

मामांना हसूच आलं. म्हणाले मनात, बघा, सीतारामनंही ठेका धरला.

टण... टण टण.

गजर चढला. टाळ्या दुप्पट झाल्या.

ठेका चढला नाही.

टण... टण टण.

मामांचे हात थांबले. हा ठेका गजराचा नव्हताच. गजर कुठल्या कुठे गेला, हा आपला एकाच गतीनं. आणि हळूहळू... क्षीण होत चाललेला.

असाच त्यांनी एकदा पूर्वी ऐकला होता.

मामा उठले. अंगणातून धावले. शटर अडकलं होतं, दोन्ही हातांनी हिसका दिला. आतून गरम हवेचा लोट अंगावर आला. स्टूल आडवं पडलं होतं. सीताराम मागच्या भिंतीशी कोसळला होता, तोंड उघडं, ओठ विचित्र लाल.

मामांनी श्वास रोखून इंजिनाचं बटण दाबलं. दिवे गेले. मंडपात मात्र गजर थांबला नाही, अंधारातही चालूच राहिला. त्या गजरात मामांनी सीतारामला बगलेत धरून फरफटत बाहेर आणलं. लोक धावले, रिक्षातून दवाखान्यात नेलं, नाकाला ऑक्सिजन लागला.

सीताराम वाचला. डॉक्टर म्हणाले, अजून पाच-सात मिनिटं गेली असती तर अवघड होतं.

दुसऱ्या दिवशी मामा त्याला भेटायला गेले. पहिला प्रश्न तोच.

"तू ठोकत कधीपासून होतास रे? मला कळलंच नाही."

सीताराम उशीवरून उठून बसला.

"मी कुठे ठोकलं, काका? बसलो, डोकं जड झालं, पडलो. हाक मारायलाही सुचलं नाही."

मामा तडक खोलीवर आले. खोलीत अनंताचा पाना नव्हताच. जनरेटरबरोबर परत आलेला तो पाना मामांच्या घरी, हत्यारांच्या डब्यात होता. त्यांनी बाहेर उभं राहूनच शटर अर्धं खाली घेतलं आणि बॅटरी मारली.

आतल्या बाजूनं पत्र्यावर पोचे पडले होते. ताजे. गंज उडून पांढरा पत्रा दिसत होता. उभ्या माणसाच्या उंचीवर नाही, बसलेल्याच्याही नाही.

जमिनीपासून वीतभर.

जमिनीवर आडवा पडलेला माणूस ठोकेल, तिथे. आणि सीताराम सापडला तो मागच्या भिंतीशी.

मामा तिथेच पायरीवर बसले. त्या संध्याकाळी त्यांनी आम्हा घरच्यांना एकत्र बसवलं आणि दोन वर्षांत कुणाला न सांगितलेलं सांगितलं.

"अनंता गेला त्या दिवशी मी साकीनाक्याला होतो. हाच जनरेटर आणायला. तो आत चालवून बघत होता. शटर वर होतं, त्याच्या नियमाप्रमाणे. मला बुवांचा फोन आला, सप्ताहात कुणाचं कीर्तन कधी ते ठरत होतं. आवाजानं मला काही ऐकू येईना. मीच शटर खाली ओढलं. म्हटलं, दोन मिनिटं."

क्षमामामी पुढे सरकून बसल्या.

"बोलणं वीस मिनिटं चाललं. आतून टण टण ऐकू येत होतं. मी बुवांना फोनवर म्हणालोही, ऐका, आमच्या अनंतानं आत्तापासून ठेका धरलाय. मग ठेका थांबला. मला वाटलं, लागला असेल कामाला. मला घाई होती. म्हटलं, उद्या येऊन नेतो जनरेटर... आणि निघून आलो." मामांनी सालटं निघालेली बोटं मुठीत दाबली. "त्या गाळ्याच्या शटरवरचे पोचेही मी नंतर पाहिलेत. वीतभरच उंचीवर होते."

क्षमामामींनी डोळ्याला पदर लावला. गंधाली उठून आत गेली ती रात्रभर बाहेर आली नाही.

मामा दुसऱ्याच दिवशी पोलीस चौकीत जाऊन सगळं लिहून देऊन आले. पुढे काय व्हायचं ते होईल, म्हणाले.

जनरेटर आता मंडपापासून वीस पावलांवर, उघड्यावर चालतो. धुराडं भिंतीकडे. आवाज होतो तो होतो. अडगळीच्या खोलीत आता काहीही ठेवत नाहीत. तिचं शटरही काढायला सांगितलं होतं. काम करायला आलेला माणूस म्हणाला, "राहू द्या हो, चांगलं आहे अजून." ते राहिलंच.

ह्या वर्षी सप्ताहाला मी गेलो होतो. पाचव्या दिवशी गंधालीच उभी होती. वडिलांशी ती अजून मोजकंच बोलते. वीज होती, जनरेटरची गरजही नव्हती. गजर रंगात आला, मी डोळे मिटून टाळ्या वाजवत होतो.

शेजारी बसलेले मामा एकदम थांबले.

"ऐकतोयस?"

मला वाटलं, कुणी तरी टाळ वाजवतंय.

टण... टण टण.

मामा उठले. गर्दीतून वाट काढत खोलीपाशी गेले. वाकून दोन्ही हातांनी शटर वर ओढलं.

आत कुणी नव्हतं. सीताराम गेटवर उभा होता, धडधाकट.

ठोकणं थांबलं होतं.

मामांनी बोटाला लागलेल्या बुक्क्याचा एक ठिपका उंबऱ्यावर टेकवला, शटर वरच ठेवलं आणि परत येऊन बसले. चेहरा पांढरा पडला होता. मी हळूच विचारलं, "मामा, तो काय मागतोय?"

"मागत नाही रे. तो नुसतं 'उघड' म्हणतोय," मामा म्हणाले. "मी दर वेळी उघडतो. आणि त्याच्यासाठी दर वेळी उशीर झालेला असतो."

आरती झाली, प्रसाद वाटला, लोक पांगले. मी घरी निघालो तेव्हा शटर वरच होतं. मी स्वतः पाहिलं.

गेटपर्यंत पोचलो असेन... मागून पत्रा खाली सरकल्याचा आवाज आला.

मी वळलो नाही.