मनगटावरचे वळ

तिच्या गल्लीत तिला सगळे मिस्त्रीण म्हणत. खरं काम वेगळंच होतं. सकाळी घरोघरी जाऊन आजारी माणसांच्या रक्ताचे नमुने घ्यायचे आणि ते वेळेत प्रयोगशाळेत पोचवायचे. पण कुणाचा मिक्सर बंद पडो, कुणाची इस्त्री, लोक तिचंच दार वाजवत. नवरा तर विजेला इतका भ्यायचा की घरातला दिवा बदलायलाही तिचीच वाट बघायचा. "आमच्याकडे उलटंच आहे," तो पाहुण्यांना सांगायचा, "मी कणीक मळतो, ही फ्यूज बांधते."

तिची विजेवर चालणारी गाडी जुनी होती. घरात तिला म्हातारी म्हणत. रंग उडालेला, एक दार आतून उघडायचं नाही, पण कामाला चोख. एका काकूंकडून ती घेतली होती. त्यांचे यजमान वारले, गाडी नुसती उभी राहायला लागली, म्हणून त्यांनी ती विकली.

त्या आठवड्यात म्हातारीनं मान टाकली. दिवे मिणमिणले, काटे थरथरले आणि सगळं थंड. मिस्त्रिणीनं पुढची लहान बॅटरी बदलली. ती नवी बॅटरीही दोन दिवसांत उतरली. म्हणजे बॅटरी बिचारी निर्दोष होती, मोठ्या बॅटरीवरून तिला भरणारा कन्व्हर्टरच गेला होता. एका भंगारातल्या गाडीचा चांगला कन्व्हर्टर मिळाला आणि दुपारी जेवण झाल्यावर ती भाड्याच्या गॅरेजमध्ये गेली.

बाहेर धुकं होतं. दुपार असूनही उजेड राखाडी, कपडे धुतलेल्या पाण्यासारखा. थंडी आत येऊ नये म्हणून तिनं शटर अर्ध्यावर ओढलं, डोक्याला टॉर्च बांधला आणि बॉनेट उघडलं. आत जुन्या रबराचा, धुळीचा वास साचला होता. कुठेतरी वरच्या पाइपातून पाणी गळत होतं. टप्... मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टप्.

मोठ्या बॅटरीची जबर वीज नेणाऱ्या नारिंगी केबलशी खेळ नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं लहान बॅटरी सोडवली. मागच्या सीटखालचा सर्व्हिस प्लग उपटून खिशात टाकला, म्हणजे मोठ्या बॅटरीचा रस्ताच तुटला. तरी गाडीच्या पोटात कपॅसिटर असतो. तो वीज धरून ठेवतो आणि हळूहळू आपोआप रिकामा होतो. त्याला वेळ द्यावा म्हणून ती स्टुलावर बसून चहा प्यायली. मग वीज मोजायचा मीटर लावला. मीटरनं शून्य दाखवलं.

"झालं बाई तुझं," ती म्हातारीला म्हणाली. "आता अंग चोरू नकोस."

जाड रबरी हातमोज्यांत नारिंगी केबलच्या टोकाचा बारका बोल्ट काही केल्या पकडता येईना. दोनदा पाना निसटला. तिसऱ्यांदा ती वैतागली आणि उजव्या हातातला मोजा तिनं दातांनी ओढून काढला. शून्यच तर आहे. तिनं हात आत घातला.

बोटं त्या उघड्या टोकापासून जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी लांब असतील, तेवढ्यात कुणीतरी तिचं मनगट धरलं.

ती आधी दचकलीसुद्धा नाही. नवराच आला असेल असं वाटलं. ती म्हणाली, "सोड ना, बोल्ट आता निघतोय..."

मग तिच्या लक्षात आलं की शटर वाजलं नव्हतं. कुणाची पावलं आली नव्हती. आणि हात मागून आला नव्हता. तो खालून, बॉनेटच्या आतल्या अंधारातून वर आला होता.

गार होता. ओलसर. बोटं एकेक करून कळत होती, चार वर आणि अंगठा खाली. तो ओढत नव्हता, पिरगाळत नव्हता. नुसता धरून होता, रस्त्यात धावणाऱ्या पोराला आई धरते तसा. तिनं डोक्यावरचा उजेड खाली वळवला. मनगटावर काहीच नव्हतं. कातडी मात्र पाच ठिकाणी दबलेली होती. तिच्या डोळ्यांदेखत.

"कोण...?" ती पुटपुटली. "कोण आहे...?"

पाइप गळायचा थांबला होता. कुणीतरी अगदी जवळ श्वास रोखून धरल्यासारखं वाटत होतं.

तिनं हळूच, अगदी हळूच, हात मागे घेतला. तो हातही तेवढाच बरोबर आला. केबलपासून पुरती लांब आल्यावर बोटं सुटली. एक... मग दुसरं. अंगठा सगळ्यात शेवटी.

ती पळाली नाही. भीतीच्या खाली तिला दुसरंच काही जाणवत होतं: त्या हातानं तिला मुद्दाम अडवलं होतं. तिनं मीटर उचलला आणि सकाळीच चार्जरवर पुरती भरल्यामुळे जिच्यात वीज आहे हे नक्की माहीत होतं त्या नव्या लहान बॅटरीला लावून पाहिला. शून्य. मीटरची एक वायर आतल्या आत तुटली होती. तिनं पेटीतली दुसरी वायर लावली, मोजा चढवला आणि नारिंगी केबलचं टोक तपासलं.

आकडा तीनशेच्या वर गेला आणि तिथेच राहिला. कपॅसिटर रिकामा झालाच नव्हता. तो रिकामा करणारा भागच जळलेला होता.

ती फरशीवर बसली आणि रडली. घरी तिच्या नावानं हाक मारणारी माणसं होती, उद्या दार उघडून तिची वाट बघणारे आजारी म्हातारे होते. "तुझे उपकार आहेत रे बाबा माझ्यावर," ती त्या रिकाम्या गॅरेजला म्हणाली. "तू जो कुणी असशील."

दुसऱ्या दिवशी तिनं या गाड्यांचं शिक्षण घेतलेल्या मेकॅनिकला बोलावलं. त्यानं आधी ती वीज काढून टाकली, जळका भाग बदलला. मग कन्व्हर्टर तिनं स्वतःच बसवला. म्हातारी सुरू झाली. मनगटावरचे वळ मात्र गेले नाहीत. ते निळसर, लांब बोटांचे होते. घरी सासूबाईंनी ते पाहिले, सगळं ऐकलं आणि तिला पोटाशी धरलं.

"त्या काकूंचे यजमानच असणार गं," त्या म्हणाल्या. "जीव होता म्हणे त्यांचा गाडीवर. जा, काकूंना भेटून ये. त्यांच्या कानावर घाल. बरं वाटेल त्यांना."

काकू एकट्याच राहत. खिडकीपाशी बसून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुमच्या यजमानांनी वाचवलं मला," मिस्त्रीण म्हणाली. "आभार मानायला आले."

काकूंनी मान हलवली. "ते नव्हेत, बाळ."

"म्हणजे?"

"त्यांनाही असंच वाचवलं होतं. गाडी नवी कोरी होती तेव्हा. त्यांनाही सगळं स्वतः उघडून बघायची भारी हौस. असाच हात घातला आणि कुणीतरी धरलं." काकू हसल्या, डोळे भरलेले होते. "त्यानंतर केवढा संसार झाला आमचा! ते शेवटी झोपेतच गेले, शांतपणे. रोज गाडीत बसताना बॉनेटवर हात ठेवायचे. मीसुद्धा ठेवायचे."

"मग... तो कोण?"

"कुणास ठाऊक. त्या गाडीत कधी कुणाला काही झालं नाही. आम्हाला मूलबाळही नव्हतं."

"मूलबाळ? त्याचं काय?"

काकूंनी बोटांनी माप दाखवलं. "ते सांगायचे, हात अगदी इवलासा होता. यांचं मनगट मुठीत मावेना त्याच्या. त्यानं यांचं एक बोट घट्ट धरून ठेवलं होतं नुसतं."

मिस्त्रिणीनं बाही वर केली.

काकूंनी चष्मा लावला. तिचा हात उजेडात घेतला, त्या लांब वळांवर आपली बोटं ठेवून पाहिली. वळ त्यांच्या बोटांच्या पेराभर पुढे गेले होते. मग त्यांनी खिडकीतून खाली, फाटकापाशी उभ्या असलेल्या गाडीकडे पाहिलं.

"अगं बाई..." त्या अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या. "केवढा झाला..."