तूर्तास ठेवावे

'स्पंदन'ला माणसाचा हात लागून बरीच वर्षं झाली होती. लाखो लोकांच्या छातीतल्या हृदययंत्रांना ठोके ठरवून देणारी ही आज्ञावली स्वतःची डागडुजी स्वतःच करी. प्रत्येक आज्ञेशेजारी ती कशासाठी आहे हे साध्या मराठीत लिहिलेलं असे. त्याला हेतुटीप म्हणत. टिपेतलं कारण संपलं की आज्ञा आपोआप गळून पडे.

या टिपा वेगळ्या ग्रंथात असाव्यात, असा साऱ्या तज्ज्ञांचा हट्ट होता. स्पंदन घडवणाऱ्या डॉ. मृदुला केणी एकट्या अडून बसल्या. वेगळा ग्रंथ कुणी उघडत नाही आणि वर्षभरात तो खोटं बोलू लागतो, असं त्यांचं म्हणणं. बाईंचं कौतुक करावं तेवढं थोडं. एवढी अवाढव्य प्रणाली, पण तिच्यात अडगळ म्हणून नव्हती.

तरीही हनमंतराव शेडगे चक्कर येऊन पडले. तरुणपणी डोंगरांत धावलेल्या या माणसाचं हृदय मुळातच संथ. त्यांच्यासाठी केलेली खास आज्ञा गळाली आणि यंत्र त्यांनाही चारचौघांसारखं पळवू लागलं.

केणींनी त्यांना त्या आज्ञेशेजारची जुनी टीप दाखवली. 'तूर्तास ठेवावे.'

"अहो मॅडम, आमच्या कचेरीत तूर्तास म्हणजे जन्मभर," शेडगे म्हणाले. "तूर्तास ठोकलेला पत्रा माझ्या निवृत्तीपर्यंत होता."

"लिहिणाऱ्यालाही तेच म्हणायचं होतं. स्पंदननं शब्दकोशातला अर्थ धरला."

"मग कायम लिहा."

"कायम त्याला चालत नाही. कुठल्याही आज्ञेचं कारण कधी संपणार, ते सांगावं लागतं."

शेडग्यांनी आपल्या छातीवर हात ठेवला. मग म्हणाले, "आता काय, खरं तेच लिहा."

केणींनी लिहिलं, 'हनमंत शेडगे जिवंत आहेत तोवर.' स्पंदननं ते तत्काळ मान्य केलं. शेडग्यांचा ठोका पुन्हा संथ पडला, आणि केणींना आपल्या निर्मितीचा फार अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी शेडग्यांच्या फोनवर स्पंदनचा आवाज आला, "हनमंतराव, आहात का?"

"आहे," ते म्हणाले.

मग रोजच विचारणा होऊ लागली. शेडगे कौतुकानं म्हणायचे, "पोरंसुद्धा इतकी चौकशी करत नाहीत."

"त्याला तुमची काळजी नाही हो," एकदा त्यांच्या पत्नी म्हणाल्या. "त्याला तुमची ती आज्ञा गाळायचीय."

"ठाऊक आहे मला," शेडगे म्हणाले, आणि फोनजवळ तोंड नेऊन जरा मोठ्यानं म्हणाले, "आहे."